एकतिसावी मात्रा

"आधी दार लावा," अध्यक्ष म्हणाला.

"दंडाला टोचायचंय. त्याला दार कशाला लावायला हवं?" सिस्टर म्हणाली, पण उठून तिने कडी घातली.

डेपोच्या आरोग्य खोलीला एकच खिडकी होती आणि ती वर्कशॉपच्या बाजूला उघडत होती. अध्यक्षाने तीही ओढून घेतली. मग तो स्टुलावर बसला आणि डाव्या बाहीचे टोक चिमटीत धरून तसाच थांबला.

"हे कुणाला कळता कामा नये."

"काय? तुम्हाला दंड आहे हे?"

"चेष्टा नकोय, सिस्टर. तीन वर्षं मी हजेरीला उभा राहून सांगतोय, की या बाईच्या सुईच्या नादी लागू नका."

"ऐकलंय मी. आवाज खणखणीत आहे तुमचा."

तो सव्वीस वर्षे बस चालवत होता आणि त्यातली अकरा वर्षे डेपोच्या संघटनेचा अध्यक्ष होता. घरी त्याची बायकोसुद्धा त्याला आता अध्यक्षच म्हणे. मागच्या थंडीत त्याच्या सांगण्यावरून निम्म्या डेपोने फ्लूची लस घेतली नाही. मग एकाच आठवड्यात पाच गाड्या ड्रायव्हर नाही म्हणून उभ्या राहिल्या, आणि एक कंडक्टर न्यूमोनियाने महिनाभर रुग्णालयात पडून होता. त्याचाही मोर्चा अध्यक्षाने मॅनेजरच्या केबिनवर नेला होता.

"मग आज कुठून सूर्य उगवला?"

अध्यक्षाने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितले. "मुलीचं बाळ सात आठवडे आधी आलंय. काचेच्या पेटीत ठेवलंय. मुठीएवढं आहे. अजून पाच आठवड्यांनी घरी सोडणार. डॉक्टरीण म्हणाली, ज्यानं लस घेतली नाही त्यानं बाळाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. बाळाला एवढ्यात लस देता येत नाही म्हणे. भोवतालच्यांनीच घ्यायची."

"बरोबर सांगितलं तिनं."

"मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही दिवसभर लोकांचा खोकला अंगावर घेता. तुम्ही नाही घेतलीत तर बाळ तुमच्याकडे येणार नाही, आमच्याच घरी राहील." त्याने बाहीचे टोक आणखी घट्ट धरले. "माझी मुलगी. मला. अशी बोलली."

सिस्टरने फ्रीज उघडून नव्या डब्यातली एक भरलेली सिरिंज काढली. डबा त्याच दिवशी दुपारी मुख्य साठ्यातून आला होता. त्यात चाळीस मात्रा होत्या, ही पहिली. तिने नोंदवही पुढे ओढली.

"हे काय लिहिताय?"

"बिल्ला नंबर. त्याच्याशिवाय मी टोचत नाही."

"मग राहू द्या." तो उठला. बाही खाली ओढली. "ती वही तुमच्या टेबलावर उघडी पडलेली असते. उद्या सकाळी वर्कशॉपच्या पोरापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना कळेल. मी आज बाही वर केली तर उद्या मॅनेजरसमोर माझ्या मागे कोण उभं राहणार?"

तो कडीपर्यंत पोचला. सिस्टरने त्याच्या पाठीकडे बघितले. हा माणूस परत येणार नाही हे तिला दिसत होते; आणि घरी मुलीला मात्र तो घेतली म्हणून सांगेल, हेही दिसत होते.

"बसा," ती म्हणाली.

तिने तारीख लिहिली, डब्याचा क्रमांक लिहिला. बिल्ला क्रमांकाचा रकाना तिने रिकामा सोडला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"शब्द?" त्याने विचारले.

"शब्द. दंड सैल सोडा. अध्यक्षपण सोडू नका, फक्त दंड सोडा."

सुई आत जाऊन बाहेर आली तोवर त्याने डोळे मिटून घेतले होते. जाताना त्याने कडी काढली, बाहेर डोकावून बघितले आणि मागे वळून म्हणाला, "हात हलका नाही तुमचा."

आभार त्याला याहून वेगळे मानता येत नव्हते.

*

डेपोत सकाळची हजेरी पाच चाळीसला असे. गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत दोन रांगा लागत. नावे कोणी घेत नसे. बिल्ला क्रमांक पुकारायचा आणि "हजर" ऐकायचे. त्यानंतरची दहा मिनिटे सिस्टरची. मान, खांदे, कंबर, पोटऱ्या. आठ-आठ तास एका सीटवर बसून ड्रायव्हरांच्या कमरा जातात, पोटे सुटतात, रक्तदाब चढतो आणि चाळिशीतच गाडी सोडून टेबलाचे काम मागायची पाळी येते, असा अर्ज तिने चार वर्षांपूर्वी केला होता. वरून आदेश निघाला. आदेश निघाला म्हणूनच डेपोला त्याचा राग होता. तिचे नाव टोचणबाई होतेच. मग कवायतीचीही भर पडली.

"पोट आत घ्या," ती ओरडे.

"जागा नाही, सिस्टर. गाडी फुल आहे."

"मग दोन उतारू उतरवा. एक, दोन, तीन. वाका. वाकायचंय, नमस्कार नाही करायचा."

"सिस्टर, हात वर केले की पगार वर जातो का?"

"हात वर जात नाही तुमचा, पगाराचं काय बोलता!"

हसणे होई, पण ते तिच्या बाजूचे नसे. मागच्या रांगेतले अर्धे लोक नुसते उभे राहत, एकदोघे तिच्या जाड चष्म्याची नक्कल करत. अध्यक्ष तर रांगेच्या टोकाला हाताची घडी घालून उभा असायचा. "आम्ही माणसं आहोत, सर्कस नाही," हे त्याचे ठरलेले वाक्य. लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीही त्याने ते म्हटले, आणखी चार शब्द जोडून म्हटले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरने त्याच्याकडे बघितले नाही. "पुढचं," ती म्हणाली, "टाचा उचला."

तरीही लसीची रांग त्या वर्षी वाढत होती. मागच्या थंडीत न्यूमोनिया झालेला तो कंडक्टर स्वतःच खिडकीशी येऊन उभा राहिला होता. त्याला बघून त्याच्या गाडीचा ड्रायव्हर आला. लेडीज कंडक्टर सहा होत्या, त्यांतल्या पाच आल्या. "घेते एकदाची, तुमचं तोंड बंद व्हायला," असे म्हणून सहावी आली. नऊ दिवसांत नव्या डब्यातल्या एकतीस मात्रा संपल्या. उरल्या नऊ.

*

दहाव्या दिवशी सकाळी थंडी चांगलीच पडली होती. सिस्टरने फ्रीज उघडला, डबा ओढला, आणि तो आला नाही. डब्याची मागची बाजू फ्रीजच्या पाठीला बर्फाने चिकटली होती. तिने जोर लावून तो सोडवला. उरलेल्या नऊ सिरिंजांपैकी चारांमध्ये पातळ औषधाच्या जागी पांढरा खडा होता.

मग फ्रीजच्या आतली, थंडी कमी-जास्त करायची चकती तिने बघितली. ती पाचावर होती. पाचावर तिनेच नेली होती, उन्हाळ्यात, बाहेर डांबर वितळत होते तेव्हा. थंडीत ती दोनावर आणायची असते. हे ती दर वर्षी करत असे. या वर्षी राहिले.

फ्रीजच्या दाराला दोरीने नोंदीचा तक्ता बांधलेला होता. सकाळ, संध्याकाळ. चार अंश, चार अंश, चार अंश. सगळे तिच्या अक्षरात. दुपारी उघडझाप चालू असताना थर्मामीटर चारच दाखवायचा, म्हणून सकाळी आल्या आल्या ती दोन्ही रकाने भरून टाकायची. मधे डेपोचे कार्यालय दोन दिवस बंद होते. त्या दोन दिवसांचेही चार तिने आदल्या दिवशीच लिहून ठेवले होते. असे सगळेच करतात. ज्या नर्सच्या हाताखाली ती शिकली तीही असेच करायची.

थर्मामीटरमध्ये मात्र एक सोय होती. मधल्या काळात तापमान खालून कुठवर गेले ते तो लक्षात ठेवायचा. त्याचे बटण तिने शेवटचे दाबले होते नवा डबा आला त्या दुपारी. तिने आता आकडा बघितला. उणे दोन.

केव्हा गेले होते उणे दोनवर? पहिल्या रात्री? कालच्या पहाटे? सांगता येत नव्हते. गोठलेली लस पुन्हा पातळ झाली की नजरेला चांगलीच दिसते. तिचा जोर मात्र गेलेला असतो. शंका आली की फेकायची, हा नियम तिने नवशिक्या नर्सांना स्वतः शिकवला होता.

तिने मुख्य साठ्यातल्या औषधवाल्याला फोन लावला.

"तक्त्यावर काय आहे?" त्याने विचारले.

"चार."

"सगळीकडे चार?"

"सगळीकडे."

"मग चारच होतं, बाई."

"थर्मामीटरमध्ये उणे दोन आहे."

"बटण दाबा. जाईल."

बटणाला तिने हात लावला नाही.

"हे बघा," तो म्हणाला, "आजचा गोठलेला डबा खराब म्हणून परत पाठवा. मी नवा देतो, शनिवारी. टोचलेल्याचं उगाच उकरू नका. तुम्ही मला हे सांगितलंच नाही, असं मी समजतो."

"मी सांगितलंय," सिस्टर म्हणाली. "आणि एकतीस जादा लागतील."

मॅनेजर तिचे ऐकताना चहाचा कप बशीत गोल गोल फिरवत होता. ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारले.

"अपाय आहे का?"

"अपाय नाही. उपयोगही नाही."

"अपाय नाही ना? मग झालं तर."

"साहेब, एकतीस माणसं समजतायत की ती सुरक्षित आहेत. त्यातल्या एका लेडीज कंडक्टरला दिवस गेलेत. एकाला दमा आहे. कुणाच्या घरी म्हातारी माणसं आहेत. कुणाच्या घरी तान्हं मूल येणार आहे."

"दर वर्षी निम्मा डेपो घेतच नव्हता. मेलं का कोणी?"

"मरता मरता राहिला एक. तुम्ही त्याला फुलं घेऊन भेटायला गेला होतात."

मॅनेजरने कप खाली ठेवला. "हा तक्ता कुणी लिहिलाय?"

"मी."

"म्हणजे खोटं लिहिणाऱ्या तुम्ही, आणि आता खऱ्याचा पुळका येणाऱ्याही तुम्हीच! चार महिने राहिलेत तुमचे. हार घ्या, श्रीफळ घ्या आणि जा. तुम्ही तोंड उघडलंत तर अध्यक्ष माझ्या डोक्यावर बसेल, आणि पुढच्या वर्षी एक माणूस दंड पुढे करणार नाही. तुम्हीच कमावलेलं तुम्हीच घालवणार?"

यातली शेवटची गोष्ट खरी होती. सिस्टर ती रात्रभर उलटसुलट करणार होती, हे तिला तिथेच कळले.

"उद्या हजेरीला सांगते," ती म्हणाली.

"मी परवानगी देत नाही."

"दहा मिनिटं माझी असतात, साहेब. कवायतीच्या आदेशात तसं लिहिलंय."

घरी ती आणि तिची थोरली बहीण, अशा दोघीच राहत. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि धाकटीवर चिडण्यासाठीच जगत असल्यासारखी वागायची.

"तू शहाणी की मूर्ख हे मला साठ वर्षांत कळलं नाही," ताई म्हणाली. "तक्ता भरताना अक्कल कुठे गेली होती?"

"तेच तर."

"आणि आता सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार की माझी अक्कल गेली होती. टाळ्या वाजवतील लोक."

"एकेकाला सांगितलं तर दुसऱ्याला सांगेपर्यंत पहिला भलतंच पसरवेल गं. सगळे एका जागी फक्त हजेरीला असतात."

"मला काय विचारतेस? तू ठरवून आलीयस." ताईने तिच्या ताटात आणखी भात वाढला. "खा. उद्या शिव्या खायच्यात, त्या रिकाम्या पोटी नकोत."

*

"आज कवायत नाही," सिस्टर म्हणाली.

रांगांतून आनंदाचा आवाज उठला. कोणीतरी शीळ वाजवली.

"ऐका. गेल्या दहा दिवसांत माझ्या खिडकीवर ज्यांनी लस घेतली, ती लस बहुतेक गोठली होती. गोठलेली लस निकामी होते. तिच्यापासून अपाय नाही, पण संरक्षणही नाही. फ्रीजची चकती मी कमी करायला विसरले आणि तापमानाचे आकडे न बघता लिहिले. दोन्ही चुका माझ्या. शनिवारी नवा डबा येईल. एकतीस जणांना पुन्हा घ्यावी लागेल. लागू व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून वेळ घालवू नका. तुम्ही रांगेत उभं राहून उघड घेतली होती, म्हणून बिल्ला नंबर वाचते."

तिने वाचायला सुरुवात केली. पहिले चार-पाच नंबर शांततेत गेले. मग ज्याचा नंबर येईल त्याच्याकडे माना वळू लागल्या. मागून कोणीतरी म्हणाले, "पाणी टोचलं रे, पाणी!" आणि मग तिला एकेक नंबर ओरडून वाचावा लागला.

"पुन्हा दंड सुजवायचा? तुमच्या चुकीसाठी?"

"माझ्या बायकोनं नको म्हटलं होतं. तुमच्यावर विश्वास ठेवून घेतली मी!"

"हिलाच टोचा ते गोठलेलं!"

दिवस गेलेली लेडीज कंडक्टर पुढे आली. ती ओरडली नाही. "सिस्टर, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, नक्की ना? तुम्ही म्हणालात, डोळे मिटून घे."

"म्हणाले होते," सिस्टर म्हणाली. "चुकले." आणि पुढचा नंबर वाचला.

शेवटचा नंबर वाचून तिने कागद घडी केला. न्यूमोनिया होऊन गेलेला कंडक्टर तिकिटे मोजण्यात मुरलेला माणूस होता. तो बोटे मुठीत मिटून म्हणाला, "तीस झाले."

"काय?"

"एकतीस म्हणालात. वाचले तीस. एकतिसावा कोण?"

सिस्टरची नजर रांगेच्या टोकाकडे गेली नाही. ती तिने समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ठेवली. "एक नंबर मी वहीत लिहिलेला नाही," ती म्हणाली.

"लिहिलेला नाही की घरी नेली?"

"बहिणीला टोचली असणार. म्हातारी आहे ना घरी!"

"दवाखान्याला विकली असेल. बाहेर भाव आहे त्याला."

"माझ्या बहिणीला नाही. आणि विकली नाही. डेपोतल्याच माणसाला दिली. नाव सांगणार नाही."

"नाव असलं तर सांगाल ना!"

एवढा वेळ अध्यक्ष गप्प होता. घडी घातलेले हात खाली आले होते, इतकेच. एरवी त्याला असा मोका मिळाला असता तर हजेरीचे मैदान त्याने एकट्याने पेटवले असते. लोक त्याच्याकडे बघू लागले.

"अध्यक्ष, बोला की! तोंडात काय धरलंय?"

त्याने घसा साफ केला. तो सिस्टरकडे न बघता बोलला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"चौकशी झाली पाहिजे," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या.

त्याच दुपारी त्याची फेरी संपल्यावर तो खिडकीशी आला. आत आला नाही. बाहेरूनच गजांना धरून उभा राहिला.

"त्यातलीच होती माझी?"

"त्यातलीच."

"पहिली होती. पहिली तरी चांगली असेल."

"असेल. नसेल. मला माहीत नाही, आणि बाळालाही माहीत नसणार."

"बाळाचं नाव काढू नका." त्याचे गजांवरचे हात आवळले. "तुमच्यावर भरवसा ठेवून मी मुलीला सांगितलं, घेतली. आता काय सांगू? पाणी घेतलं? आणि ते रिकाम्या रकान्याचं कशाला बोललात? एकतीस कशाला म्हणालात? तीस म्हटलं असतंत तर कोण मोजणार होतं?"

"एकतीस दिल्या होत्या."

"दुनियेसमोर खरेपणा मिरवायचा होता तुम्हाला."

"मिरवायचा असता तर नंबर एकतीस वाचले असते." सिस्टरने चष्मा काढून पदराने पुसला. "भांडण नंतर करा. बाळ कधी येतंय?"

"चोवीस दिवसांनी."

"शनिवारी या. खिडकी बंद करून देते. पुढचा सोमवार ओलांडू नका."

"तुमच्या हातची?" तो हसला, दात न दाखवता. "पुन्हा? मेलो तरी नाही. आणि ऐका, चौकशी समितीवर कामगारांचा माणूस म्हणून मीच बसणार आहे. नियमानं अध्यक्षच बसतो. तिथं तुम्ही काही बोललात तर तुमचं कोणी खरं मानणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

"माझ्या हातची नको, तर बाहेर कुणाच्याही हातची घ्या." तिने कागदाच्या चिटोऱ्यावर लसीचे नाव लिहून गजांतून बाहेर धरले. "पण घ्या."

त्याने चिटोऱ्याकडे बघितले, तिच्याकडे बघितले. चिटोरा न घेता तो निघून गेला.

*

शनिवारी नवा डबा आला, तो मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या दुसऱ्या नर्सच्या हातात. चौकशी पूर्ण होईपर्यंत सिस्टरने सुईला हात लावायचा नाही, असा आदेश त्याच्यासोबत होता. ती बाकावर बसून फक्त बिल्ला क्रमांक लिहून घेत होती. तिसांपैकी एकोणीस आले. दिवस गेलेली कंडक्टर आली. नंबर सांगून ती सरळ नव्या नर्सकडे वळली. दमेकरी आला. अकरा जण आले नाहीत. त्यांच्यापैकी एकाने निरोप पाठवला, "एकदा पाणी घेतलं, तहान भागली." सकाळची कवायत मॅनेजरने तात्पुरती बंद केली. तिची कुणी आठवण काढली नाही.

अध्यक्ष शनिवारी आला नाही. सोमवारीही नाही. सिस्टर रोज त्याच्या गाडीची वेळ बघायची आणि खिडकीतून तो चढताना दिसायचा. त्याने फुल बाहीचा स्वेटर घातलेला असायचा. थंडी होतीच.

चौकशी मंगळवारी दुपारी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. मुख्य कार्यालयातून आलेल्या अधिकारी बाई मधोमध, एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष. हीटर जवळ होता. अधिकारी बाईंनी तापमानाच्या तक्त्यावर अर्धा तास घेतला आणि सिस्टरने प्रत्येक प्रश्नाला "हो, मी" एवढेच उत्तर दिले. मग नोंदवही उघडली गेली.

"हा रकाना रिकामा का?"

"मी रिकामा ठेवला."

"विसरलात?"

"नाही. ठेवला."

"तापमानाचे खोटे आकडे लिहिताना रकाने भरायची घाई, आणि इथं रिकामा. तुमची काही पद्धत दिसत नाही मला. मात्रा कुणाला दिली?"

"डेपोतल्या माणसाला."

"बाई," मॅनेजर म्हणाला, "निष्काळजीपणा वेगळा, तो लिहून मिटवता येतो. लस बाहेर गेली असं ठरलं तर तुमच्या सत्तावीस वर्षांच्या कागदावर काय उमटेल, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग नाव सांगा. सुटा."

हीटरमुळे अध्यक्षाने स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला टाकला होता. अधिकारी बाईंनी त्याच्याकडे वळून विचारले, "चौकशीची मागणी तुमची होती. कामगारांतर्फे काही विचारायचंय?"

"नाही."

"काहीच नाही? एक मात्रा गायब आहे, त्याबद्दलही नाही?"

"त्या सांगत नाहीत म्हणतायत ना," तो खेकसला. "किती वेळा तेच विचारायचं? लिहा आणि संपवा. माझी गाडी आहे चारला."

बोलता बोलता त्याने नोंदवही रागाने पुढे सरकवली. गणवेशाची अर्धी बाही वर ओढली गेली. डाव्या दंडावर, खांद्याखाली चार बोटांवर, कातडीच्या रंगाची गोल पट्टी होती. खासगी दवाखान्यात लावतात तशी. नवी, अजून एकही कड सुटलेली नव्हती. त्याला सिस्टरची नजर तिथे पडलेली दिसली. त्याने बाही खाली ओढली नाही. टेबलावर नजर लावून तो जबडा घट्ट करून बसला.

सिस्टरने मनात दिवस मोजले. कालची किंवा आजची. बाळ यायला अजून एकोणीस दिवस. चौदा पुरतात.

"शेवटचं विचारते," अधिकारी बाई म्हणाल्या.

"लिहून घ्या," सिस्टर म्हणाली. केबिनमध्ये आल्यापासून तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा निघाला. "एका मात्रेची नोंद नाही. ती कुठे गेली हे मी सांगत नाही. जबाबदारी माझी."

"पुन्हा विचार करा."

"केलाय. पुढे लिहा."

मॅनेजरने तोंडाने च्च् केले. लिहून झालेला जबाब तिच्यापुढे आला. तिने चष्मा सावरून सगळा वाचला. डब्याच्या तारखेत एका दिवसाची चूक होती; ती तिने खोडून बरोबर केली आणि शेजारी आद्याक्षरे घातली. मग खाली सही केली. साक्षीदार म्हणून अध्यक्षाने तिच्या सहीखाली सही केली आणि पेन आदळून ठेवले.

दोघे एकाच वेळी उठले. केबिनचे दार जड होते, आपोआप मिटणारे. अध्यक्ष पुढे होता. स्वेटर खांद्यावर टाकून तो मागे न बघता बाहेर पडला, आणि दार त्याने धरले नाही. मिटत आलेले दार सिस्टरने तळव्याने अडवले, ढकलले, आणि ती बाहेर आली.